दोघींची गोष्ट, दोघींनी वाचायची

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

शाळा संपली. तुझी मैत्रीण एका शहरात चालली आहे, तू दुसऱ्या. आणि निघण्याआधी तुम्ही दोघींनी एकाच कादंबरीच्या दोन प्रती घेतल्यात, तीही शाळा संपल्यावरच्या मैत्रिणींची. फार बरं केलंत. अशा पुस्तकांना ‘मुलींचं हलकंफुलकं वाचन’ म्हणून बाजूला सारणारी माणसं भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नकोस. दोन माणसांमधलं अंतर रोज बोटभर कसं वाढत जातं, हे इतक्या बारकाईने दाखवणारं लिखाण मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचित सापडतं. मात्र ते वाचायची एक रीत आहे. ती हाताशी असली की पुस्तक दुप्पट रंगतं, म्हणून हे लांबलचक पत्र.

अशा पुस्तकात दोन कादंबऱ्या असतात. एक छापलेली, जी ‘मी’ सांगते. दुसरी तिच्या मैत्रिणीची. ती कुणी छापलेली नसते, पण तिचे तुकडे पानोपानी सांडलेले असतात. ते वेचायचे आणि जुळवायचे. सगळी मजा त्यात आहे.

आधी वेळेचं बोलू. किशोरवाचकांची कादंबरी, म्हणजे १२ ते १८ वयासाठीची, साधारण ५० ते ८० हजार शब्दांची असते. मनातल्या मनात इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस ललित मजकूर मिनिटाला सरासरी २६० शब्द या वेगाने वाचतो, असं २०१९ साली अनेक जुन्या अभ्यासांच्या एकत्र पडताळणीतून निघालं. त्या हिशेबाने ७० हजार शब्द साडेचार तासांत संपतात. एका रात्रीचं काम! आणि तिथेच घोटाळा होतो. कथेत अबोला धरून चार महिने गेलेले असतात आणि तुझ्या हातात मात्र भांडण नऊ वाजता झालं, समेट दहाला. मधला काळ अंगाला लागतच नाही. मग शेवट गोड असला तरी फुकट मिळाल्यासारखा वाटतो. तुमचं पुस्तक ३१२ पानांचं आहे. त्याचे चार भाग करा, भागाला साधारण ७८ पानं, आठवड्याला एक भाग. भाग पानाच्या आकड्यावर तोडू नका, जवळच्या प्रकरणाच्या शेवटाशी तोडा. आणि भागाचं शेवटचं प्रकरण उत्सुकता ताणून संपत असेल, तर तिथेच थांबा. त्या आठवडाभराच्या ताटकळण्यात निवेदिकेचं ताटकळणं थोडं तरी कळतं.

पहिलं चतुर्थांश पुस्तक पेन्सिलीशिवाय वाच. नुसतं वाच, हस, चिड. खुणा करत सुरुवात केली की पुस्तक आवडण्याआधीच त्याची चिरफाड सुरू होते आणि हात पुढे जात नाही. नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंचा एक नियम वाचकांमध्ये प्रसिद्ध आहे: पन्नाशीच्या आतल्या वाचकाने पुस्तकाला ५० पानं द्यावीत, तोवर धरलं नाही तर खुशाल सोडावं. मैत्रीच्या कादंबरीला मी थोडी जास्त मुदत देईन, कारण पहिली ५० पानं बहुतेक वेळा दोघी एकत्र असतानाची असतात. खरी कथा त्या लांब गेल्यावर सुरू होते.

दुसऱ्या भागापासून एक कागदाची पट्टी घे, खुणेच्या फितीएवढी, आणि पेन्सिल. पट्टीवर वरून खाली कथेतले महिने लिही. शाळा संपल्यावरच्या कादंबऱ्यांचे कालखंड ढोबळमानाने तीनच असतात: निघण्याआधीची सुट्टी, पहिलं सत्र ते पहिली घरवापसी, किंवा पुरतं एक वर्ष. कोणत्या महिन्याला किती पानं मिळाली ते पाहा. निघण्याआधीच्या एका आठवड्याला ६० पानं आणि पुढच्या दोन महिन्यांना ६, असं दिसलं तर समज, निवेदिकेने ते दोन महिने गुंडाळलेत. गुंडाळलेल्या महिन्यात मैत्रीण काय करत होती, हा न छापलेल्या कादंबरीतला पहिला प्रश्न.

मग निवेदन पाहायचं. कोण सांगतंय, आणि कुठे उभं राहून सांगतंय? या प्रकारातल्या कितीतरी कादंबऱ्या ‘मी’ आणि वर्तमानकाळात असतात: मी दार उघडते, मी फोन पाहते, ती ऑनलाइन आहे. यात ओढ जबरदस्त असते, पण एक उणीवही असते. सांगणारीला मागाहून आलेलं शहाणपण नसतं. ती ज्या क्षणी चुकते त्याच क्षणी बोलत असते, आणि तिची चूक सुधारायला पानावर दुसरं कुणी नसतं. ते काम वाचणारीचं. भूतकाळात सांगणारी असेल तर ‘तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही’ अशी वाक्यं येतील. ती पट्टीवर टिपून ठेव, कारण तेवढ्या जागी लेखिका स्वतः बोट दाखवते आहे. आणि प्रकरणं दोघींच्या तोंडून आलटून-पालटून असतील, तर दुसरी कादंबरीही छापलेलीच आहे असं समजून सैल सुटू नकोस. तिथे वेगळं शोधायचं: एकच प्रसंग दोघींनी सांगितला असेल, तर एकीने त्यातलं काय गाळलं?

एक नमुना जवळून पाहू. हा प्रसंग या पत्रापुरता रचलेला आहे, पण अशी पानं तुला भेटतीलच. निवेदिका नव्या वसतिगृहात आहे, खोलीत दोन-तीन नव्या मुली हसताहेत. जुन्या मैत्रिणीचा फोन येतो.

‘बोल ना.’
‘गडबड आहे का?’
‘नाही गं, बोल. या मुली ना… एक मिनिट हं… हं, बोल.’
‘अगं, काल मी तिकडे गेले होते, त्या मुलाखतीला…’
‘अरे हो! कशी झाली? थांब, थांब, हिला चावी देते. हं.’
‘बरी झाली.’
‘मस्त! तू काहीतरी सांगत होतीस ना?’
‘नाही, असंच केला होता.’
‘मी रात्री करते, नक्की.’
‘हो हो, कर.’

छापलेल्या कादंबरीत यापुढचं वाक्य साधारण असं असतं: तिच्याशी बोलून बरं वाटलं, पण ती हल्ली थोडी तुटक बोलते. आणि आपण मान डोलावून पुढे जातो, कारण आपण निवेदिकेच्या खोलीत बसलेले असतो. आता मागे ये आणि फक्त मैत्रिणीच्या ओळी वाच. ‘गडबड आहे का?’ म्हणजे तिला आवाज ऐकू आलेत आणि ती परवानगी मागते आहे. जिवलग मैत्रिणीला फोन करून परवानगी मागावी लागणं हीच बातमी आहे. मुलाखतीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, ते तिने पुन्हा जोडलं नाही. ‘कशी झाली?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला चावीच्या मागे उभं राहावं लागलं, म्हणून उत्तर दोन शब्दांचं आलं. मग ‘असंच’. हा शब्द दिसला की तिथे थांबायचं. ‘असंच’ म्हणणाऱ्या माणसाकडे सांगायला जवळजवळ नेहमी काहीतरी असतं. आणि शेवटचं ‘हो हो’. एक ‘हो’ होकाराचा असतो. दोनदा म्हटलेला ‘हो’ बहुतेक वेळा समोरच्याला सोडवण्यासाठी असतो. तुटक कोण बोललं ते आता तू ठरव.

हे वाचायला तीन खुणा पुरतात. मैत्रिणीने विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न: समासात प्रश्नचिन्ह. तिने अर्ध्यावर सोडलेलं वाक्य: आडवी रेघ. निवेदिकेने तिच्याबद्दल काढलेला निष्कर्ष, जसं ‘ती बदलली’, ‘तिला आता माझी गरज नाही’: छोटं वर्तुळ. प्रकरणाला तीनपेक्षा जास्त खुणा नकोत. हाताला सवय लागली की प्रत्येक ओळीवर रेघ मारावीशी वाटते, आणि सगळंच महत्त्वाचं झालं की काहीच दिसत नाही. प्रकरण संपलं की वर्तुळं पाहायची आणि विचारायचं, या निष्कर्षाला आधार कुठल्या ओळीचा? ज्या वर्तुळाला ओळ सापडत नाही, तिथे निवेदिकेची भीती बोलते आहे. प्रश्नचिन्हं आणि रेघा सलग वाचल्या की मैत्रिणीची कादंबरी हळूहळू उभी राहते.

संदेशांची पानं मात्र या नियमाला अपवाद. हल्लीच्या कादंबऱ्यांत मोबाइलवरचे संदेश जसेच्या तसे छापलेले असतात. पान मोकळं दिसतं, डोळा झरझर खाली उतरतो आणि आपण ते पाच सेकंदांत उलटतो. ती पानं सगळ्यांत सावकाश वाच. वेळा पाहा: रात्री ११.४२चा संदेश आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४.१०चं उत्तर. उत्तर प्रेमळच असतं, मोठंही असतं, पण मधले साडेसोळा तास कुणी बोलत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटाकडचं अशी तीन संदेशपानं घे आणि कुणाच्या किती ओळी, पहिला संदेश कुणाचा, शेवटचा कुणाचा, एवढंच मोज. दहा मिनिटांचं काम आहे. चांगल्या लेखिकेने हा आलेख जाणीवपूर्वक आखलेला असतो आणि कथेत त्याचा कुठेही उच्चार केलेला नसतो.

आता एक हिशेब, जो या कादंबऱ्यांच्या पोटात असतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला लागणारे तास मोजले. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, साध्या मैत्रीची खरी मैत्री व्हायला ९०च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. हे तास मोकळ्या सहवासाचे. शेजारी बसून नुसतं काम केलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. शाळेतल्या दोघींना मधली सुट्टी, येण्याजाण्याची वाट आणि संध्याकाळ मिळून दिवसाचे तीन तास मिळाले, तरी आठवड्याचे पंधरा होतात. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत २०० भरतात आणि कुणाला काही करावंही लागत नाही. शाळा संपली आणि आठवड्याला एक तासाचा फोन ठरला, तर वर्षाकाठी हातात येतात ५२. तिकडे नव्या खोलीतल्या मुलीशी रोज चार तास होतात, म्हणजे ५० दिवसांत २००. कादंबरीतली नवी खोलीसोबतीण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदम ‘सगळ्यांत जवळची’ होते, तेव्हा जुनीला तो विश्वासघात वाटतो. निवेदिकेलाही अपराधी वाटतं. दोघींपैकी कुणीच काही केलेलं नसतं, तासांनी केलेलं असतं. हे लक्षात ठेवून वाचलं की खलनायिका शोधायची घाई होत नाही. आणि लेखिकेने त्या नव्या मुलीला उगाच वाईट रंगवलं असेल, तर तो पुस्तकाचा दोष समज. सोपी वाट आहे ती.

मैत्रिणींच्या कादंबरीत ‘काही घडत नाही, नुसत्या बोलतात’ अशी तक्रार तुझ्या कानावर येईल. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या ३० विद्यार्थ्यांचे नातेसंबंध १८ महिने पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असं दिसलं की मुलींच्या मैत्रीतली जवळीक टिकायला बोलत राहणं जास्त उपयोगी पडलं, आणि मुलांच्या बाबतीत एकत्र काहीतरी करणं. तेव्हा या पुस्तकांत बोलणं हीच घटना आहे. फोन उचलला की नाही, हा इथला पाठलागाचा प्रसंग.

आता भांडण. ते बहुधा तिसऱ्या चतुर्थांशाच्या शेवटी येतं आणि बऱ्याचदा पहिल्या सुट्टीत, दोघी घरी परतल्यावर. कारण सरळ आहे: दोघीही जुन्या मैत्रिणीला भेटायला येतात आणि दोघींनाही नवी भेटते. लांब असताना फोनवर जे झाकता येत होतं, ते समोरासमोर झाकत नाही. भांडण पेटतं ते एखाद्या अगदी क्षुल्लक गोष्टीवरून, उशिरा येण्यावरून, न सांगता कुणाला सोबत आणण्यावरून. तिथे थोडा वेळ वाचन थांबव. पट्टीच्या मागे दोन रकाने कर आणि प्रत्येकीने दुसरीवर केलेले आरोप थोडक्यात लिही, एका ओळीत एक. पाच-सहाच्या वर नसतात. मग प्रत्येक आरोपासाठी मागे जाऊन पान शोध: ‘तू कधी विचारलंच नाहीस’, बरं, कुठे विचारायला हवं होतं? पान ९१. खूण आहेच तिथे. एकेक पान सापडत जातं तेव्हा जो आनंद होतो, तो कोडं सुटल्याचा आहे. ज्या आरोपाला पान सापडत नाही, तिथे दोन शक्यता. एक तर लेखिकेने घाई केली. भांडण हवं होतं म्हणून कारण ऐनवेळी चिकटवलं. नाहीतर तो प्रसंग घडला होता आणि निवेदिकेने आपल्याला सांगितलाच नाही. दुसरी शक्यता खरी निघाली तर पुस्तक फार वरच्या दर्जाचं आहे असं समज आणि मला लगेच कळव.

दोघींऐवजी चौघी असतील तर? मग कागदावर एक चौकोन काढ, चार कोपऱ्यांत चौघी, आणि दोन्ही कर्ण जोड. सहा रेषा होतात, म्हणजे सहा मैत्र्या. (तिघी असतील तर तीन, पाच जणी असतील तर दहा, म्हणून पाच जणींच्या कादंबऱ्या इतक्या विस्कळीत होतात.) दोघीच एकत्र आहेत असा प्रसंग आला की त्या रेषेवर टिंब दे. शेवटी एखादी रेषा टिंबाशिवाय उरते. त्या दोघी केवळ बाकीच्यांमुळे मैत्रिणी आहेत आणि हे त्यांना माहीत आहे की नाही, हा सुंदर प्रश्न आहे. चांगली लेखिका तो शेवटाकडे नेमका उचलते.

गटातली एक मुलगी बहुतेक वेळा मागे राहते. बाकीच्या शिकायला बाहेर जातात. हिला घर सांभाळायचं असतं, नोकरी धरायची असते, किंवा गुण कमी पडलेले असतात. या मुलीकडे जास्तीचं लक्ष दे, कारण या प्रकारातली सगळ्यांत मोठी कमतरता इथे दिसते. बाहेर गेलेल्यांना नवी जागा, नवी माणसं, नवी वाक्यं मिळतात. मागे राहिलेलीला जुनी गल्लीच असते, आणि लेखिकेलाही तिच्याबद्दल लिहायला कमी सुचतं. तिला फक्त ‘वाट पाहणारी’ करून टाकलं जातं. तपासायला सोपे प्रश्न आहेत: तिच्या दिवसाचं वेळापत्रक तुला सांगता येतं का? तिचं काम काय, ती किती वाजता सुटते, तिच्या वरिष्ठाचं नाव पुस्तकात आहे का? आणि पैसे. भेटायला जायचं ठरतं तेव्हा तिकीट कुणी काढलं, सुट्टी कुणाची कापली गेली, ‘मला नाही जमणार’ असं कोण म्हणालं आणि बाकीच्यांनी ते कसं घेतलं? मैत्री तुटण्याच्या कारणांत पैसा फार वर असतो आणि कादंबऱ्यांत तो अदृश्य असतो. ज्या पुस्तकात तो दिसतो ते जपून ठेव.

प्रेमप्रकरणाचं काय करायचं? व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्त्रिया आणि कादंबरी या विषयावर लिहिताना हेच दाखवलं होतं की साहित्यातल्या बायका जवळजवळ नेहमी पुरुषांशी असलेल्या नात्यातूनच दिसतात. दोघी एकमेकींना नुसत्या आवडतात, असं क्वचित लिहिलं जातं. १९८५ साली अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेत यावरून चित्रपटांसाठी एक कसोटी आली: किमान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी. तुमच्या कादंबरीला ही कसोटी थोडी कडक करून लाव. दोघींचे मोठे संवाद मोज आणि त्यातले किती कुणा मुलाबद्दल आहेत ते पाहा. निम्म्याहून जास्त असतील तर मुखपृष्ठावर मैत्री आहे आणि आत प्रेमकथा आहे. प्रेमकथा वाचायला काहीच हरकत नाही. फक्त मैत्रीचं पुस्तक म्हणून तिला गुण देऊ नकोस. हा ताण जुना आहे. लुइसा मे ऑल्कॉट यांनी १८६८ साली ‘लिटल विमेन’ या चार बहिणींच्या कादंबरीचा पहिला भाग लिहिला, तेव्हा मुली पत्रं लिहून विचारू लागल्या की या बहिणी लग्न कुणाशी करणार. वाचकांच्या आग्रहाखातर ‘जो’ ही बहीण आणि तिचा मित्र लॉरी यांचं लग्न लावायचं नाही, असं त्यांनी रोजनिशीत ठासून लिहिलं आणि १८६९च्या दुसऱ्या भागात ते पाळलं.

वस्तूंकडेही एक नजर असू दे. दोघींमध्ये फिरणारी एखादी वस्तू असतेच: शाल, वही, किल्लीचा छल्ला. प्रत्येक भागाच्या शेवटी ती कुणाकडे आहे एवढं पट्टीवर लिही, पुरे.

आता दोघींनी मिळून वाचण्याबद्दल, कारण तुमचा बेत तोच आहे आणि तो बिघडायला फार काही लागत नाही. आठवड्याचा एक ठरलेला दिवस, चाळीस मिनिटं, आवाजाचा फोन. संदेशांवर पुस्तकाची चर्चा करू नका. वाक्यं तुटतात आणि पुढचं काही फुटतं. एक जण पुढे वाचून गेली तर तिने ते कबूल करायचं आणि त्या आठवड्यात फक्त ऐकायचं. प्रत्येकीने दोनच गोष्टी आणायच्या: मोठ्याने वाचून दाखवायची एक ओळ आणि एक तक्रार. ओळ आधी, तक्रार नंतर. तक्रारीने सुरुवात केली की दुसरी पुस्तकाची वकील होते आणि उरलेली अर्धी वेळ त्यात जाते.

सगळ्यांत जपायचं ते हे: ‘ही अगदी तुझ्यासारखी आहे’ हे वाक्य पहिल्या दोन भागांत तोंडातून काढायचं नाही. ते कौतुकाने म्हटलं तरी आरोपासारखं ऐकू येतं, कारण समोरची लगेच त्या पात्राच्या चुका मोजायला लागते. तिसऱ्या भागात ती मुलगी दारूण वागते, आणि तुम्ही दोघी पुस्तकावरून भांडत आहात असं वाटत असताना प्रत्यक्षात एकमेकींवरून भांडत असता. त्याऐवजी उलटं करा. जी ज्या पात्रापासून दूर आहे तिने त्या पात्राची बाजू मांडायची. तू निघून गेलेल्या मुलीसारखी असशील तर मागे राहिलेलीची वकिली तुझ्याकडे, पाच मिनिटं, पुस्तकातल्या ओळी दाखवत. मग अदलाबदल. पहिल्यांदा अवघड जातं, दुसऱ्या आठवड्यात त्यातच सगळ्यांत जास्त हसू येतं. तिसऱ्या भागानंतर, म्हणजे भांडण वाचून झाल्यावर, स्वतःबद्दल बोलावंसं वाटलं तर बोला. तेव्हा दोघींकडे दुसरीच्या बाजूने वाचायची थोडी सवय झालेली असेल.

तुझी मैत्रीण ऐकण्याच्या पुस्तकाचं म्हणत होती. तिला प्रवासात ते सोयीचं पडेल, पण दोन गोष्टी सांग. वेग वाढवू नकोस, कारण संवादांमधल्या थांब्यांत अर्धी कथा आहे आणि दीडपट वेगाने ते थांबे मिटतात. आणि वाचणारीने ‘असंच’ कुठल्या सुरात म्हटलं हा तिचा अर्थ झाला, लेखिकेचा असेलच असं नाही. महत्त्वाचा प्रसंग ऐकला की तेवढं पान छापील प्रतीत पाहायचं.

पुढचं पुस्तक शोधताना मांडणीचा गोंधळ होईल, तो आधीच सांगून ठेवते. अठरा-एकोणीस वर्षांच्या नायिका किशोरविभागातही असतात आणि मोठ्यांच्या विभागातही. मधल्या वयासाठी ‘न्यू ॲडल्ट’ हे नाव २००९ साली सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने चालवलेल्या स्पर्धेतून पुढे आलं, पण पुढे त्या नावाखाली प्रेमकथाच जास्त छापल्या गेल्या. म्हणून त्या नावावर विसंबू नकोस. मलपृष्ठावरचा मजकूर वाच: पहिल्या तीन वाक्यांत मैत्रिणीचं नाव आलं आणि त्या मैत्रिणीला स्वतःचं एक क्रियापद मिळालं, ती निघाली, ती थांबली, तिने लपवलं, तर पुस्तक उघडून पाहायला हरकत नाही.

शेवटचा भाग एका बैठकीत वाचलास तरी चालेल. तिथे आवरत नाही, आवरूही नये. शेवट तीन तऱ्हेचे असतात: मिठी, निरोप, किंवा दार अर्धवट उघडं. तिन्ही चांगले असू शकतात. मिठीचा शेवट मला आवडतो, पण तो कमावलेला असेल तरच. कमावलेला आहे का, हे असं पाहा: शेवटच्या संवादात मैत्रीण असं एखादं वाक्य बोलते का, जे पहिल्या प्रकरणातल्या निवेदिकेला तिच्या तोंडी कल्पनेतही घालता आलं नसतं? एक वाक्य पुरे. ते सापडलं तर निवेदिकेने तिला खरोखर ऐकलं आहे. सापडलं नाही आणि तरी मिठी आली, तर दमलेल्या दोघींनी फक्त तह केला आहे.

पुस्तक संपलं की मिटू नकोस. लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाच, पंधरा-वीस पानं असतील. पहिल्या वाचनात तिथे पेन्सिल नव्हती, आता घे. मैत्रिणीचं पहिलं तुटलेलं वाक्य बहुतेक वेळा तिथेच असतं, दोघी अजून शेजारी बसलेल्या असताना. ते पान दोघींनी वेगवेगळं शोधा आणि आकडा एकाच वेळी सांगा.

दोन पट्ट्या कापून पाकिटात घातल्या आहेत, एक तिची. महिने लिहिलेले नाहीत, ते तुम्ही लिहा. पेन्सिल मऊ घे, २बी. एचबीने कागदावर चर पडतो आणि खोडलं तरी खूण राहते.

तुझी,
आई

ता. क. पहिल्या भागाचा थांबा मी पाहून ठेवला आहे. ७८व्या पानावर प्रकरण मधेच आहे, ८१व्यावर संपतं. ८१ला थांबा.